निनावी प्रस्तावना

1543 साली न्यूरेंबर्गच्या योहान्नेस पेट्रेयसच्या छापखान्यातून निकोलस कोपर्निकसचा खगोलीय गोलांच्या परिभ्रमणांविषयीचा लॅटिन ग्रंथ बाहेर पडला. शीर्षकाचे पान उलटले की लगेच वाचकाला उद्देशून लिहिलेला एक छोटा मजकूर लागतो. त्याखाली कोणाचीही सही नाही. आशय असा : पृथ्वी फिरते असे या ग्रंथात म्हटले आहे म्हणून विद्वानांनी रागावू नये. ज्योतिर्विदाचे काम ग्रहांची स्थाने वर्तवता येतील असे गणित मांडण्याचे आहे. त्यासाठी घेतलेली गृहीतके खरी असण्याची गरज नाही, खरी वाटण्याचीही नाही. हिशेब निरीक्षणांशी जुळला की पुरे.

हा मजकूर कोपर्निकसचा नव्हता. तो लिहिला होता आन्द्रेआस ओसिआंडर या न्यूरेंबर्गमधल्या ल्युथरपंथी धर्मोपदेशकाने. छपाईवर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे आले होते आणि लेखकाला न विचारता त्याने ही पाने जोडली. पुढची 66 वर्षे बहुतेक वाचकांनी ती कोपर्निकसचीच मानली. पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून हलवणारे पुस्तक, आणि त्याच्या उंबरठ्यावरच सांगितलेले की हे काही खरे मानायचे नाही.

या गोष्टीकडे विज्ञानाच्या इतिहासातला एक गमतीदार किस्सा म्हणून पाहण्याची रीत आहे. मला मात्र तिच्यात एक नैतिक प्रश्न दिसतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. ओसिआंडर कोपर्निकसचा शत्रू नव्हता. ग्रंथ जगावा, धर्मपंडितांनी आणि ॲरिस्टॉटलच्या अनुयायांनी त्याचा गळा घोटू नये, अशीच त्याची इच्छा होती. आणि एका अर्थी ती सफलही झाली. ग्रंथावर चर्चची बंदी आली ती 1616 साली, म्हणजे 73 वर्षांनी. तोवर तो युरोपभर पोचला होता, 1566 मध्ये बाझेलला त्याची दुसरी आवृत्तीही निघाली होती. मग एका खोट्याने खरे वाचवले असे म्हणायचे का? आणि वाचवले असेल, तर त्या खोट्याला दोष कशासाठी द्यायचा?

उत्तर शोधण्याआधी ज्याच्या ग्रंथाबद्दल हे घडले तो माणूस कसा होता ते पाहिले पाहिजे, कारण सावधगिरी त्याच्याही स्वभावात भरपूर होती.

कोपर्निकसचा जन्म 19 फेब्रुवारी 1473 रोजी विस्तुला नदीकाठच्या तोरुन या व्यापारी गावात झाला. तो दहाएक वर्षांचा असताना वडील वारले. सांभाळ मामाने केला. हा मामा, लुकास वाट्झेनरोडे, पुढे वार्मियाचा बिशप झाला. भाच्याला त्याने क्राकूव्हला शिकवले, मग इटलीत पाठवले. बोलोन्यात कायदा, पादुआत वैद्यक, आणि 1503 साली फेरारा विद्यापीठाची धर्मकायद्यातली डॉक्टरेट. परत आल्यावर तो फ्रॉमबर्कच्या कॅथीड्रलचा कॅनन, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचा सभासद, म्हणून जन्मभर राहिला. जमिनींचे हिशेब पाहणे, कुळांना जमीन लावून देणे, आजाऱ्यांवर उपचार करणे, नाण्यांतल्या चांदीचे प्रमाण का घसरते यावर टिपण लिहिणे, ट्यूटॉनिक सरदारांशी लढाई पेटली तेव्हा ऑल्श्टिनच्या गढीच्या बंदोबस्ताकडे बघणे, अशी त्याची कामे होती. खगोलशास्त्र त्याने या सगळ्यातून वेळ काढून केले.

मुख्य कल्पना त्याला लवकर सुचली होती. सूर्य मध्यभागी, पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरणारी, अशी मांडणी करणारे काही पानांचे टिपण त्याने हाताने लिहून निवडक परिचितांत फिरवले. 1514 सालच्या मे महिन्यात क्राकूव्हच्या एका प्राध्यापकाच्या ग्रंथसंग्रहाच्या यादीत ते नोंदलेले आहे. मोठा ग्रंथ मात्र त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी छापला गेला. पोप तिसरा पॉल याला लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत तो स्वतःच सांगतो की, नऊ वर्षे लेखन झाकून ठेवावे हा जुना सल्ला आपण नुसता पाळला नाही. नऊ-नऊ वर्षांच्या चौथ्या फेऱ्यात ते आपल्याजवळ पडून होते.

का? छळाची भीती हे कारण आपण सवयीने देतो, पण ते इथे नीट बसत नाही. 1533 मध्ये व्हॅटिकनच्या बागेत पोप सातवा क्लेमेंट याला ही कल्पना समजावून सांगितली गेली, आणि सांगणाऱ्याला बक्षीस मिळाले. 1536 मध्ये कार्डिनल शोनबर्गने रोमहून पत्र लिहून ग्रंथाची प्रत मागितली. कोपर्निकसला धास्ती होती ती हसे होण्याची, अर्धवट जाणकारांच्या टिंगलीची. आणि त्याखाली आणखी एक धारणा होती. पायथागोरसच्या परंपरेप्रमाणे असे ज्ञान लिहून चव्हाट्यावर मांडू नये, ते आप्तेष्टांना आणि योग्य शिष्यांना तोंडी द्यावे, हे त्याला मनापासून पटत होते. लायसिस या पायथागोरसपंथीयाच्या नावावर चालणारे, गुपित राखण्याचा उपदेश करणारे एक पत्र त्याने लॅटिनमध्ये उतरवून ग्रंथाच्या हस्तलिखितात घातले होते. नंतर ते काढून टाकले. क्राकूव्हला असलेल्या त्या हस्तलिखितात ही काटछाट आजही दिसते. जाहीर करणे आणि राखून ठेवणे यांतली ओढाताण त्या एका खोडलेल्या मजकुरात आहे.

टिंगलीच्या भीतीला एक खरा आधारही होता : त्याच्याकडे पुरावा नव्हता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. तसे दिसत नव्हते. तारे कल्पनेपलीकडे दूर आहेत, म्हणून ते सरकणे कळत नाही, असे कोपर्निकसचे उत्तर होते. ते बरोबर होते, पण तेव्हा ती पळवाट वाटणे साहजिक होते. ते सरकणे प्रत्यक्ष मोजले गेले ते 1838 मध्ये. फ्रीड्रिख बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या बाबतीत ते मोजले, आणि तो कोन एका अंशाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान निघाला. म्हणजे ग्रंथ छापल्यावर 295 वर्षांनी. शिवाय कोपर्निकसचे गणित टॉलेमीपेक्षा फारसे सोपे नव्हते आणि अचूकतेतही तो फार पुढे गेला नव्हता. वर्तुळांवर वर्तुळे त्यालाही चढवावी लागली होती.

तरीही आपण सांगतो ते खरे आहे असे त्याला वाटत होते, आणि का वाटत होते तेही त्याने सांगितले. जुन्या पद्धतीत प्रत्येक ग्रहाचे गणित स्वतंत्र. एका देहाचे हात, दुसऱ्याचे पाय, तिसऱ्याचे डोके जोडून विचित्र प्राणी उभा करावा तसा तो प्रकार होता. सूर्य मध्ये ठेवला की सगळे अवयव एका शरीराचे होतात. बुध सर्वांत आत, त्याची फेरी सर्वांत लहान. शनी सर्वांत बाहेर, त्याची फेरी सुमारे 30 वर्षांची. एकही ग्रह जागचा हलवला तर बाकीची रचना बिघडते. मंगळ मध्येच उलटा चालताना का दिसतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपण स्वतः चालत्या पृथ्वीवर बसून पाहतो, म्हणून तसे दिसते. ही संगती निव्वळ योगायोगाने येणार नाही, ही त्याची श्रद्धा होती. पुराव्याआधी आलेली, पण कारणांवर उभी असलेली श्रद्धा.

ग्रंथ बाहेर आला तो ऱ्हेटिकसमुळे. विटेनबर्ग विद्यापीठातला हा 25 वर्षांचा गणिताचा प्राध्यापक 1539 साली फ्रॉमबर्कला येऊन धडकला. तो ल्युथरच्या गावचा, आणि वार्मियाच्या कॅथलिक बिशपने नुकताच ल्युथरपंथीयांविरुद्ध हुकूम काढलेला. तरी 66 वर्षांच्या कोपर्निकसने त्याला ठेवून घेतले, शिकवले, कागद दाखवले. ऱ्हेटिकसने 1540 मध्ये डॅन्झिगला या सिद्धान्ताचा पहिला छापील वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्याचे स्वागत पाहून म्हातारा अखेर तयार झाला. ग्रंथाची प्रत न्यूरेंबर्गला गेली. छपाई चालू असताना ऱ्हेटिकसला लाइप्झिगला नोकरीवर जावे लागले, आणि काम ओसिआंडरच्या हाती आले.

ओसिआंडरने आपला विचार आधी लपवला नव्हता. 1541 मध्ये त्याने कोपर्निकसला पत्राने सुचवले होते की, गृहीतके म्हणजे श्रद्धेची कलमे नव्हेत, केवळ हिशेबाचे पाये आहेत, असे प्रस्तावनेत म्हटले तर विरोधक निवळतील. कोपर्निकसने हे मानले नाही, असे पुढे केप्लरने लिहून ठेवले आहे. अर्पणपत्रिका वाचली तरी तेच दिसते, तिथे मागे घेतल्याचा सूर नाही. म्हणजे सल्ला दिला गेला होता, नाकारला गेला होता, आणि लेखक दूरच्या गावी अंथरुणाला खिळला असताना तोच सल्ला त्याच्या पुस्तकात बिनसहीचा छापला गेला. 24 मे 1543 रोजी कोपर्निकस गेला. त्याचा मित्र बिशप टिडेमान गीझे याच्या पत्रानुसार स्मृती त्याला आधीच सोडून गेली होती, आणि छापील ग्रंथ त्याने पाहिला तो शेवटच्या दिवशी, शेवटच्या श्वासाला.

आता ओसिआंडरची बाजू नीट ऐकली पाहिजे. त्याने जे म्हटले ते तत्त्वज्ञान म्हणून टाकाऊ नाही. एकाच निरीक्षणाला दोन वेगळी गणिते लागू पडू शकतात, आणि केवळ हिशेब जुळला म्हणून त्यामागची कल्पना सत्य ठरत नाही, हे आजही खरे आहे. पिएर दुएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 1908 मध्ये असा दावा केला की तर्काच्या दृष्टीने ओसिआंडरच बरोबर होता. शिवाय कोपर्निकसजवळ पुरावा नव्हता हे आपण पाहिलेच. मग जास्त प्रामाणिक कोण? खरे आहे म्हणणारा, की हिशेबापुरते धरा म्हणणारा?

हा प्रश्न अवघड वाटतो तो दोन गोष्टी एकत्र झाल्यामुळे. एक, विधान बरोबर आहे का. दुसरी, ते कोणाच्या तोंडचे आहे. ओसिआंडरने हाच मजकूर आपल्या नावाने, वेगळ्या पुस्तिकेत छापला असता, तर तो एका विचारी माणसाचा आक्षेप ठरला असता, आणि कोपर्निकसच्या बाजूच्या कोणाला त्याचे उत्तर देता आले असते. सही न करता तो दुसऱ्याच्या ग्रंथाच्या दारात ठेवला, तेव्हा तो आक्षेप राहिला नाही. लेखकाने स्वतःच दिलेली माघार झाला. उत्तर द्यायला समोर कोणी उरले नाही, कारण आक्षेप घेणारा दिसतच नव्हता. विधानात तथ्य असेल. कृत्य खोटे होते.

इथेच मौन आणि विपर्यास यांतला फरक स्पष्ट होतो. कोपर्निकस तीस वर्षे गप्प राहिला, त्याला आपण भित्रा म्हणू शकतो. पण त्या मौनाची किंमत बरीचशी त्याने स्वतः भरली, आणि ते मोडण्याचा अधिकार शेवटपर्यंत त्याच्याकडे होता. दुसऱ्याच्या शब्दांना मऊ करणारा माणूस सुरक्षितता स्वतःच्या विचाराने घेतो आणि किंमत मात्र त्या दुसऱ्याला भरायला लावतो. सापही मरावा आणि काठीही मोडू नये असे त्याला वाटते. पण काठी त्याची नसते.

हा प्रकार एकट्या युरोपातला नाही. आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हटले. त्याचा सिद्धान्त सूर्यकेंद्री नव्हता, त्यामुळे आधी कोण असली चढाओढ इथे करण्यात अर्थ नाही. पण त्याच्या विधानाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पृथ्वी एका प्राणात, म्हणजे 4 सेकंदांत, एक कला फिरते, असे त्याचे सूत्र. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात त्यावर उघड, नाव घेऊन टीका केली. ती चूक होती, पण सरळ होती. आर्यभटाला मानणाऱ्या परंपरेतच मात्र ‘भूः’ या शब्दाच्या जागी ‘भं’ असा पाठ आला. एवढ्याशा बदलाने पृथ्वी थांबली आणि नक्षत्रमंडळ फिरू लागले. गुरूला चुकीच्या बोलापासून वाचवण्याचाच त्यामागे हेतू असणार. टीकाकाराने आर्यभटाचे म्हणणे जपून ठेवले, आणि भक्तांनी ते पुसले.

कोपर्निकसच्या बाबतीत त्या मजकुराचा पुढे काय उपयोग झाला, तेही बघायला हवे. 12 एप्रिल 1615 च्या प्रसिद्ध पत्रात कार्डिनल बेलार्मिनने फोस्कारिनी या धर्मगुरूला कळवले की, तुम्ही आणि गॅलिलिओ यांनी हे केवळ गृहीतक म्हणून बोलावे हेच शहाणपणाचे, आणि कोपर्निकसही तसेच बोलला असे आपण मानत आलो आहोत. कोपर्निकस तसे बोलला नव्हता. तसे बोलत होती ती निनावी पाने. ती प्रस्तावना ग्रंथकाराची नाही, असे गॅलिलिओला त्याच वर्षी टिपण करून सांगावे लागले. पुढच्या वर्षी बंदी आली ती ‘दुरुस्ती होईपर्यंत’. 1620 मध्ये दुरुस्त्या जाहीर झाल्या, आणि जिथे कोपर्निकस पृथ्वीच्या तीन गतींचे प्रतिपादन करतो तिथे शीर्षकात ‘गृहीतक’ हा शब्द घालण्याचा त्यांत आदेश होता. ओसिआंडरने ढाल म्हणून दिलेली भाषा चर्चने दुरुस्तीची सुरी म्हणून वापरली. 1543 च्या ग्रंथात मित्राने जे केले, तेच 1620 मध्ये सेन्सॉरने केले. फरक इतकाच की सेन्सॉरने ते उघड केले.

मग प्रस्तावनेने ग्रंथ वाचवला हे म्हणणे कितपत खरे? कागद वाचवले असतील. विटेनबर्गच्या गणित्यांनी कोपर्निकसची कोष्टके आणि गणित आवडीने वापरले आणि पृथ्वीच्या गतीचा दावा बाजूला ठेवला. त्या प्रस्तावनेने दिलेली सवलत ती हीच. पण विचार जिवंत ठेवला तो ही सवलत नाकारणाऱ्यांनी. ब्रूनोने 1584 मध्ये ती पाने लिहिणाऱ्याला मूर्ख ठरवून झोडपले. ऱ्हेटिकसने भेट दिलेल्या काही प्रतींत तो मजकूर लाल रेघांनी खोडलेला सापडतो. केप्लरकडे न्यूरेंबर्गच्या एका जाणकाराची प्रत आली होती आणि तीत ओसिआंडरचे नाव हाताने लिहिलेले होते. 1609 मध्ये आपल्या ‘नव्या खगोलशास्त्रा’च्या आरंभीच केप्लरने ते जगाला सांगितले. गृहीतक म्हणून सोयीचे एवढ्यावर तो समाधानी राहिला असता, तर मंगळाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे हे शोधण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे डोके फोडले नसते. हिशेबातल्या 8 कलांच्या फरकासाठी तोच अस्वस्थ होतो, ज्याला आपण खऱ्या आकाशाबद्दल बोलत आहोत असे वाटते.

अर्थात कागदच उरले नसते तर केप्लरला नाकारायलाही काही उरले नसते, असे ओसिआंडरचा वकील म्हणेल. त्याला पक्के उत्तर नाही. प्रस्तावनेविना काय झाले असते हे कोणालाच ठरवता येणार नाही. पण जे ठरवता येत नाही, त्याच्या आधारे दुसऱ्याच्या नावावर खोटे लिहिण्याचा परवाना कसा मिळेल? अनिश्चित भविष्याच्या भल्यासाठी आपण समोरच्या माणसाचा निश्चित शब्द बदलतो, तेव्हा त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते एवढेच प्रत्यक्षात म्हणत असतो.

आणि कोपर्निकसलाही या हिशेबातून सोडता येत नाही. अर्पणपत्रिकेत तो शोनबर्गचे आणि गीझेचे आभार मानतो. ज्याने घरदार सोडून दोन वर्षे त्याच्याजवळ काढली आणि ग्रंथ छापखान्यापर्यंत नेला, त्या ऱ्हेटिकसचे नाव तिथे नाही. पोपला अर्पण केलेल्या ग्रंथात ल्युथरपंथी तरुणाचे नाव अडचणीचे झाले असावे. गीझेला याची लाज वाटली. त्याने ऱ्हेटिकसला पत्र लिहून मित्राच्या वतीने सारवासारव केली. आपला शब्द दुसऱ्याने मऊ केला म्हणून ज्याच्याबद्दल हळहळावे, त्याने स्वतः दुसऱ्याचे श्रेय सावधगिरीपोटी गाळले होते. नावे गाळण्याची मोह-माया किती सर्वत्र असते, हे यावरून कळते.

गीझेने न्यूरेंबर्गच्या नगरसभेकडे तक्रार केली, पहिली पाने नव्याने छापण्याची मागणी केली. नगरसभेने पेट्रेयसवर कारवाई करायला नकार दिला. 1566 च्या आवृत्तीत तीच निनावी पाने पुन्हा आली, आणि त्याच पुठ्ठ्यात ऱ्हेटिकसचा 1540 चा वृत्तान्तही. एका टोकाला हे खरे नाही म्हणणारा, दुसऱ्या टोकाला हेच खरे म्हणणारा, आणि मध्ये ज्याला आता विचारता येत नव्हते तो लेखक.

संपादन, अनुवाद, वारसा सांभाळणे, गुरूचे विचार सांगणे ही कामे आपल्याकडे रोज चालतात, आणि ती करणाऱ्या प्रत्येकासमोर ओसिआंडरचा मोह येतो : एवढे वाक्य जरा सौम्य केले, हा उल्लेख वगळला, तर माणूसही वाचेल आणि पुस्तकही. कधी ते खरेही असेल. अशा वेळी दोनच गोष्टी स्वतःला विचाराव्यात. ज्याचा शब्द आहे त्याला विचारले का? आणि बदल करून खाली आपली सही करायची माझी तयारी आहे का? दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर आपण सावध नसतो. दुसऱ्याच्या जिवावर सुरक्षित असतो. कोपर्निकसच्या हातच्या हस्तलिखितात ती प्रस्तावना नाही. तिथे पृथ्वी फिरते, आणि ते सांगणारा माणूस आपल्याला पुरावा नाही हे ठाऊक असूनही आपल्या नावाने सांगतो.